दोनशे चौदा नंबरचा लॉकर

“मॅडम, जरा इकडं वळता का?”

मी वळले नाही. लॉकर उघडला की ग्राहकाकडे पाठ करायची, हे मला त्या विभागात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आधी बँकेची किल्ली, मग ग्राहकाची. दोन्ही फिरल्या आणि दार सुटलं की आपण चार पावलं मागं यायचं आणि जाळीच्या दाराशी बाहेर तोंड करून थांबायचं. ग्राहक आत काय ठेवतो, काय काढतो, ते बघायचं नाही.

“वळा मॅडम. तुम्ही बघितलंच पाहिजे.” शेटेबाईंचा आवाज आता अगदी खाली आला होता.

मी वळले. लॉकरमधला पत्र्याचा लांब डबा त्यांनी टेबलावर काढून ठेवला होता. झाकण उघडं होतं. डब्यात काहीही नव्हतं.

स्ट्राँगरूमच्या किल्ल्या माझ्या ताब्यात, रजिस्टर माझ्या हातचं. चोरी म्हटली की पहिलं नाव माझंच निघणार.

“कुणी नेलं?”

“कुणी नाही. दहा महिने झाले, असाच आहे.”

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यातली, बार्शीची. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते, आणि बिराजदार मॅडम म्हणून बँकेत चार लोक ओळखू लागले होते. जूनमध्ये माझी ऑफिसरच्या जागेसाठी मुलाखत होती. कुमुदिनी शेटे महिन्यातून एकदा यायच्या. नवरा वारलेला, वय माझ्याहून दोनतीन वर्षांनी कमी. सोबत धाकटा दीर शिवानंद असायचा. मार्केट यार्डात त्यांचं आडतीचं मोठं दुकान होतं. लॉकर बाईंच्या नावावर, त्यामुळं दिराला जाळीच्या आत येता यायचं नाही. तो बाहेर बाकावर बसायचा. बाई आत वीस मिनिटं थांबायच्या आणि निघून जायच्या. दागिने बघून, घालून परत ठेवणाऱ्या बायका मी बघितल्या होत्या. ह्याही त्यातल्याच असतील असं मी धरून चालले होते.

त्या दिवशी मात्र शिवानंदनं मांडीवर रेक्झिनची मोकळी पिशवी धरली होती. लॉकर रिकामा करून बंद करायचा होता.

“आमच्या जगदेवीचं लग्न आहे एकवीसला,” कुमुदबाई म्हणाल्या. “नणंद माझी. माझं सोनं मोडून तिचं करायचं ठरलंय. सराफ तीन वाजता दुकानात थांबणार आहे.”

“आणि सोनं?”

“ह्यांच्या आजारात गेलं. रक्ताचा कॅन्सर होता. मिरजेला चौदा महिने चालू होतं सगळं. एकेक करत मीच विकलं. घरी सांगायचं नाही म्हणून ह्यांनी शपथ घातली होती. भाऊजींना वाटायचं, दवाखाना धर्मादाय आहे.”

“मग ते गेल्यावर तरी सांगायचं.”

त्यांनी मान हलवली. “सुतक फिटलं त्याच दिवशी सासूबाईंनी लॉकरची किल्ली मागून घेतली आणि कंबरेला लावली. बँकेत यायच्या दिवशी तेवढी हातात देतात. जाऊन बघून ये, सगळं नीट आहे का. मी येते, इथं बसते आणि घरी जाऊन सांगते, आहे. त्या घरात मॅडम, सोनं आहे म्हणून मी आहे. आज हा डबा बाहेर गेला की ते म्हणणार, माहेरी पोचवलं. मला मारतील, हाकलतील, ते मी बघून घेईन. पण पोरगी देणार नाहीत.”

मुलगी तीन वर्षांची, अक्षता. ती सासूबाईंच्या, म्हणजे अव्वांच्या, खोलीत असायची. कुमुदबाई बाहेर पडल्या की मुलगी घरात ठेवून घ्यायची, अशी त्या घरची पद्धत पडून गेली होती. दाराला कुलूप लावायची गरजच नव्हती.

“ओ मॅडम!” बाहेरून शिवानंदचा आवाज आला. “झालं का न्हाई? किती येळ?”

लॉकरची रांग आत वळणावर होती, त्यामुळं जाळीतून त्याला आम्ही दिसत नव्हतो. कुमुदबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार होता. त्या खोलीत एक पिवळा दिवा, एक भिंतीतला पंखा, चारी बाजूंनी लोखंड, आणि बाहेर बेचाळीस डिग्री ऊन. तरी हात गार.

“त्यांना सांगा, लॉकर बंद करायचा तर मुलीला आणावं लागतं. माझं ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतील.”

“असा काही नियम नाही.”

“मला माहीत आहे.”

मी हात सोडवून घेतला. खरं सांगायचं तर मला त्या बाईचा राग आला होता. दहा महिने हिनं मला रोज दिसणाऱ्या भिंतीसारखं धरलं, आणि आज एकदम माझ्या नोकरीवर येऊन बसली. मी जाळीपाशी गेले ते, “बाई येतायत,” एवढं सांगायलाच. शिवानंद बाकावरून उठून जाळीला नाक लावून उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या खांद्यावरून आत बघत ओरडला, “वहिनी, पोरगी जेवली न्हाई सकाळपासनं. अव्वा रागावल्यात. तुमी चटाचटा आवरा, मग तिला मिळंल जेवण.”

“शेटेसाहेब,” मी म्हणाले, “लॉकर बंद करायचा तर वारस समोर लागतो. मुलीचं नाव लावलंय.”

माझाच आवाज होता. काउंटरवरचा, सपाट, कुणी हुज्जत घालू नये असा.

“तीन वर्षांच्या पोरीचं काय काम?”

“अंगठा घ्यावा लागतो.”

“साहेबांना विचारतो.”

“साहेब जेवायला घरी गेलेत. अडीचला येतील. थांबायचं तर थांबा.”

त्यानं घड्याळ बघितलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि गेला. रस्त्यावर स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. आयुष्यात मी कागदावर कधी एक आकडा खोटा लिहिला नव्हता. मी टेबलाशी येऊन स्टुलावर बसले.

वीस मिनिटांनी तो मुलीला घेऊन आला. फ्रॉक घातलेली, तेल लावून चापून वेणी घातलेली, रडून डोळे सुजलेली पोर. त्यानं तिचा दंड धरला होता.

आत लॉकर उघडा असताना जाळी उघडायची नाही, असा आमचा नियम. कोण बघणार होतं? पण त्या घडीला मला नियमाशिवाय दुसरा आधार नव्हता. मी डबा आत सरकवायला सांगितला, दोनशे चौदाचं दार लावलं, दोन्ही किल्ल्या फिरवल्या आणि मग जाळीपाशी आले. कुलूप काढलं. दार वीतभर उघडलं.

“मी पण येतो आत,” शिवानंद म्हणाला. “पोरगी रडंल.”

“फक्त लॉकरधारक आणि वारस.”

“अहो, मी काय चोर आहे का?” त्यानं चपलेचा पाय दाराच्या फटीत घातला. तेवढ्यात कुमुदबाई वळणावर आल्या आणि पोरीला आई दिसली. दंडाला हिसडा देऊन ती त्या फटीतून, त्याच्या गुडघ्याजवळून आत आली. मी दार लोटलं. दार त्याच्या चपलेतल्या उघड्या बोटांवर टेकलं.

“पाय काढा, शेटेसाहेब.”

“मॅडम, तुमी कुणाशी बोलताय…”

“पाय काढा.”

त्यानं काढला. मी कुलूप लावलं आणि किल्ली कंबरेला खोचली. कुमुदबाई जमिनीवर बसल्या होत्या आणि पोर त्यांच्या गळ्यात होती.

मग त्या म्हणाल्या, “मॅडम, लॉकर परत उघडा.”

“कशाला?”

“उघडा असेपर्यंत जाळी कुणालाच उघडता येत नाही. तुम्हीच सांगितलं होतं मला, पहिल्या दिवशी.”

मी दोन्ही किल्ल्या पुन्हा फिरवल्या. ह्या बाईनं हे आज दुपारी ठरवलेलं नव्हतं. दहा महिने वीस वीस मिनिटं ती इथं बसून हेच जुळवत होती.

पण तिचं जुळवणं इथपर्यंतच आलं होतं. पुढं काय, हे तिलाही माहीत नव्हतं. बाहेर जायला एकच वाट, आणि त्या वाटेवर शिवानंद उभा.

अडीचला आमचे मॅनेजर राजहंस साहेब आले. माणूस वाईट नव्हते. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि तेवढं त्यांना शांतपणे घालवायचं होतं. शिवानंदनं त्यांना पॅसेजमध्येच गाठलं.

“साहेब, वारसाचा अंगठा घ्यायला एवढा येळ लागतो का?”

“कसला वारस?” साहेब म्हणाले. “लॉकर बंद करायला वारस कशाला लागेल?”

शिवानंद जाळीकडे वळला. आतापर्यंत तो माझ्यामागं बघत होता. आता पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे बघितलं.

“बिराजदार, दार उघडा,” साहेब म्हणाले.

“लॉकर उघडा आहे, साहेब.”

“बंद करा आणि दार उघडा.”

“ग्राहकाचं काम संपलेलं नाही. त्या बंद करा म्हणेपर्यंत मला करता येत नाही.”

“मला नियम सांगता?”

“तुम्हीच शिकवलेत, साहेब.”

ते माझ्या जवळ आले, हळू आवाजात बोलायला लागले. मुलाखतीचं बोलले. माझा शेरा त्यांच्या हातात होता, हे त्यांनी आडून सांगितलं नाही, सरळ सांगितलं. शेटे घराणं कोण आहे ते सांगितलं. घरगुती भांडणात बँकेनं पडू नये, हे सांगितलं. त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. मी प्रत्येकाला मान हलवली आणि दार उघडलं नाही. जाळीची दुसरी किल्ली सोलापूरच्या शाखेत असायची, तिथून माणूस यायचा तर संध्याकाळ होणार होती.

तीन वाजता वीज गेली. पंखा थांबला, दिवा विझला. पॅसेजमधून येईल तेवढाच उजेड जाळीतून जमिनीवर पडत होता. वीज खरोखर गेली, का कुणी मेन स्विच पाडला, ते मला आजही माहीत नाही. काउंटरवरून कुणी ओरडल्याचं तरी ऐकू आलं नाही.

पंखा थांबल्यावर त्या खोलीत हवा किती थोडी होती ते कळलं. लोखंड तापल्यासारखा वास सुटला. घाम डोळ्यांत उतरत होता. साडीचा पदर पिळून मी तोंड पुसलं. तांब्यात पाणी होतं ते आधी पोरीला दिलं, मग थोडं तिच्या आईला. मी घोटभर घेतलं. मला लहानपणापासून बंद जागेचं भय आहे. हे मी बँकेत कधी कुणाला सांगितलं नव्हतं, नाहीतर लॉकर विभाग मिळालाच नसता. मी जाळीला धरून उभी राहिले, कारण तिथं तोंडावर जरा वारा लागायचा. पण वाऱ्याबरोबर तिथं शिवानंदही होता.

आधी तो वहिनीशी बोलला. “वहिनी, बाहेर या. कुणी काय करणार न्हाई. अव्वाची शपथ.”

आत कुमुदबाई पदरानं पोरीला वारा घालत राहिल्या.

मग त्यानं आवाज अजून खाली आणला. “बिराजदार मॅडम, तुमचे मिस्टर मार्केट कमिटीत कामाला आहेत न्हवं? तोलाई विभागात? रोज आमच्या दुकानावरनं जातात. चांगला माणूस.”

एवढंच म्हणाला. नवऱ्याची नोकरी हंगामी होती, आणि कमिटीवर शेट्यांची दोन माणसं होती. घरी सासरे अंथरुणाला खिळलेले. मला एकदम वाटलं, ही कोण कुठली बाई, हिच्यासाठी मी माझं घर का जाळतेय? चार पावलांवर मोकळी हवा आहे. किल्ली माझ्या कंबरेला आहे. हिला मी बोलावलं नव्हतं.

मी किल्ली काढली आणि कुलपात घातली.

शिवानंद मागं सरकून दाराला वाट देऊन उभा राहिला. कुमुदबाई आतून बघत असणार. त्यांनी हाक मारली नाही, विनवलं नाही. मी एकदा मागं वळून पाहिलं. मग किल्ली बाहेर काढली आणि पुन्हा कंबरेला खोचली.

“साहेब,” मी हळू, पण पॅसेजभर ऐकू जाईल असं म्हणाले, “पोलिसांना कळवा.”

“काय बोलताय तुम्ही?”

“ग्राहक बाहेर यायला घाबरतायत. मी जबाब देते. पोलिसांना कळवा.”

साहेबांनी कळवलं नसतं. कळवायला लावलं ते आमच्या कॅशियर गायकवाडांनी. त्यांची रोकडीची पेटी आत ठेवायची तिजोरी स्ट्राँगरूममध्येच होती. व्यवहार संपला, शटर अर्धं खाली आलं, आणि गायकवाड पेटी घेऊन पॅसेजमध्ये येऊन खुर्चीवर बसले. “साहेब, ही बाहेर ठेवून मी घरी जाणार नाही, आणि रात्रभर इथं बसणारही नाही. एकतर त्या बाया बाहेर येऊ द्यात, नाहीतर ठाण्यात फोन करा. तुम्ही करत नसाल तर मी करतो.”

पाच वाजता हवालदार तांबोळी आले. उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. त्यांनी शिवानंदला सांगून नाही, नुसतं हातानं बाजूला केलं आणि जाळीला तोंड लावलं.

“आत कोण कोण हाय?”

“मी, एक ग्राहक आणि त्यांची मुलगी.”

“कुणी कोंडलंय?”

“कुणी नाही. मीच आतून लावलंय.”

“बाई, तुमचं वय काय?” त्यांनी आत हाक देऊन विचारलं.

“सव्वीस,” कुमुदबाई म्हणाल्या.

“पोरगी कुणाची?”

“माझी.”

“कुठं जायचंय तुमाला?”

मला वाटतं, इतक्या दिवसांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नसावा.

“लातूरला. भावाकडं.”

“मग जावा की,” तांबोळी म्हणाले. “कोण अडवतंय ते मी बघतो.”

कुमुदबाईंनी लॉकर बंद करा म्हटलं. पण त्याआधी त्या डबा घेऊन जाळीपाशी आल्या. मुलगी खांद्यावर होती, आणि एका हातानं त्यांनी डबा शिवानंदसमोर उजेडात धरला.

“हे बघा, भाऊजी.”

त्यानं जाळीच्या गजांतून डब्यात हात घातला, तळ चाचपला, जणू सोनं तिथं असून दिसत नव्हतं.

“कुठं घातलं?”

“तुमच्या अण्णांच्या रक्तात. मिरजेच्या पावत्या ट्रंकेत आहेत, निळ्या पातळाखाली. बघून घ्या.”

मला वाटलं तो आता जाळीवर धडकेल. तांबोळीही एक पाऊल पुढं सरकले. पण शिवानंद मागं गेला आणि मघाच्या बाकावर बसला. रेक्झिनची पिशवी अजून तिथंच पडली होती.

“अण्णा बोलला असता तर मी दिलं असतं की,” तो म्हणाला. “मला का न्हाई सांगितलं?”

“तुम्ही विचारलंत कधी?” कुमुदबाई म्हणाल्या. रागानं नव्हे. खरंच विचारावं तसं.

मी लॉकर लावला आणि जाळी उघडली.

स्टँडवर तांबोळींनी मलाही बरोबर नेलं. सोबत बाई माणूस असलेलं बरं, म्हणाले. लातूरची गाडी लागलेलीच होती. कुमुदबाईंच्या अंगावर एक साडी, पायात चपला, खांद्यावर मुलगी. एवढंच घेऊन त्या गाडीत चढल्या. तिकीट मी काढलं. खिडकीतून त्या मला म्हणाल्या, “तुमचं नाव काय हो? बिराजदार माहीत आहे. पहिलं नाव.”

“हेमलता.”

त्यांनी ते एकदा मनाशी म्हणून पाहिलं. तेवढ्यात गाडी सुटली. त्यांनी आभार मानले नाहीत, आणि मलाही ते सुचलं नाही. घरी येऊन मी न्हाणीघरात बसून किती वेळ पाणी ओतून घेत होते कुणास ठाऊक.

नवऱ्याचं हंगामी काम पुढच्या हंगामात गेलं. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. सहा महिन्यांनी त्यांनी पिठाची गिरणी टाकली. माझी जूनची मुलाखत झालीच नाही. मी ऑफिसर झाले ती त्यानंतर सहा वर्षांनी, उमरग्याला. लातूरकडून तांबोळींच्या कानावर आलं ते त्यांनी मला एकदा बाजारात सांगितलं: कुमुदबाई भावाकडे फार दिवस राहिल्या नाहीत, खोली घेऊन वेगळ्या झाल्या, बालवाडीत शिकवतात. त्यापलीकडे मला काही माहीत नाही. त्या परत कधी भेटल्या नाहीत.

चौकशी मात्र झाली. जुलैमध्ये सोलापूरच्या ऑफिसात मला बोलावलं. समोर तिघं साहेब होते, मधले लिहून घेत होते. ग्राहकाला खोटा नियम सांगितला का? सांगितला. व्यवस्थापकांचा तोंडी आदेश मोडला का? मोडला. त्या महिलेला बँकेबाहेर आधीपासून ओळखत होतात का? नाही. तुमचं तिच्याशी काही नातं, जातीचं, गावचं? काही नाही. मी सगळ्याला सरळ उत्तरं दिली. येण्याआधी भेटलेल्या वकिलानं सांगितलेलं एकही वाक्य मला त्या वेळी आठवलं नाही.

शेवटी मधल्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. वैतागून नव्हे, त्यांना खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं.

“बाई, मुलगी आत आली, तिची आई तिला मिळाली. त्यानंतरही तुम्ही अडीच तास, त्यातले दोन अंधारात, त्या उकाड्यात, दार लावून उभ्या राहिलात. मॅनेजर सांगतायत, एकदा तर तुम्ही किल्ली कुलपात घातली होती. मग उघडलं का नाही?”

मला वाटलं होतं, ह्याचं उत्तर मी कुणाला देणार नाही.

“मुलगी आईच्या मांडीवर झोपली होती, साहेब,” मी म्हणाले. “कुलपाचा आवाज झाला असता.”

त्यांनी पेन उचललं, कागदावर टेकवलं, आणि तसंच धरून ठेवलं.